इर्जिकीची भाकर

माळवदाच्या घरात ऊन दाराने येत नाही. दार उत्तरेला असते आणि त्यातून येतो तो नुसता उजेड. फिका, धुवून वाळत घातलेल्या कापडासारखा. ऊन वरून येते, चुलीच्या माथ्यावर धूर जाण्यासाठी ठेवलेल्या झरोक्यातून, आणि तेही सूर्य कासराभर वर आल्यावर. कडूबाईच्या घरात ते प्रथम तुळईवर उतरत असे. धुराने काळ्या पडलेल्या त्या लाकडावर नखाएवढा एक ठिपका उमटे, हळूहळू रुंदावे, आणि मग त्याचा कलता खांब होऊन खाली येई. चुलीतला धूर त्या खांबात शिरला की इतका वेळ कुठेच नसलेला धूर एकाएकी दिसू लागे. वळसे घेई, थबके, पुन्हा वर जाई. त्यानंतर ऊन तुळईला टांगलेल्या ज्वारीच्या कणसांपर्यंत पोहोचे. अंबाडीच्या दोरीने देठ बांधून उलटी टांगलेली ती जुडी दोन वर्षांच्या धुराने तांबूस काळी झाली होती. पण ऊन लागले की दाण्यादाण्याच्या टोकावर एक बारीक उजळ कण उभा राही, आणि त्या अंधाऱ्या घरात तेवढीच एक वस्तू जागी आहे असे वाटे. मग ऊन पुढे सरके, भिंतीवरून उतरे, उतरंडीच्या मडक्यांना एकेक करून स्पर्श करी, आणि शेवटी जात्याजवळच्या जमिनीवर येऊन निजल्यासारखे पडून राही.

त्रिंबक हे सगळे पडवीच्या दारातून पाहत असे. बावीस-तेविसाव्या वर्षीही त्याला माणसांच्या डोळ्यांकडे पाहून बोलता येत नसे; वस्तूंकडे मात्र तो कितीही वेळ पाहू शके. पाटोद्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत असलेल्या खडकवाडीत तो मुलांना शिकवायला आला, तेव्हा मोहनराव पाटलांनी त्याची राहण्याची सोय कडूबाईच्या पडवीत लावून दिली होती. कडूबाई एकटी होती. आदल्या वर्षीच्या मानमोडीच्या साथीत तिचा मुलगा आणि सून एकामागोमाग गेली. त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि वैरणीवाचून बैल मेला. गावाने तरवट्याचा पाला उकडून खाल्ला. कडूबाईनेही खाल्ला. पण तुळईवरच्या जुडीला तिने हात लावला नाही. डोंगराच्या पायथ्याशी तिची जमिनीची एक पट्टी होती, आणि त्या पट्टीत पेरायला जगात तेवढेच बी तिच्याजवळ होते. एरवी ती पाटलाच्या रानात राबे, मिळालेले दाणे त्याच दिवशी दळे आणि त्याच दिवशी खाऊन संपवी.

एकदा, काही तरी बोलावे म्हणून, त्रिंबकने तिला विचारले होते की इतके हाल झाले तरी ही कणसे कशी राहिली. ती चुलीत फुंकत होती. फुंकणी बाजूला ठेवून ती म्हणाली, "पोट मारता येतं, गुरुजी. बी मारलं की रान आपल्याला इसरतं."

शाळा मारुतीच्या देवळाच्या मंडपात भरत असे. मुले दहा-बारा. त्यांच्या घरून गुरुजींना शेर-अच्छेर दाणे येत आणि त्यावर त्याचे चाले. त्रिंबक वाढला मोमिनाबादेत, मामाच्या कापडाच्या दुकानात. तिथून येताना त्याने एक समजूत बरोबर आणली होती: उजळणी शिकवता येते तशी दयाही शिकवता येते. म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत कोणी कोणाला मदत केली की तो त्याला शाबास म्हणे. त्याला मोठ्याने बोलता येत नसे, त्यामुळे ती शाबासकी हळू आवाजात येई आणि मुलांना ती अधिकच मोलाची वाटे.

तिचा परिणाम पावसाळ्याच्या आरंभी दिसला. म्हाताऱ्या चंद्रभागाबाई पाण्याची घागर घेऊन देवळावरून जात असताना दोन मुले एकाच वेळी त्यांच्या मदतीला धावली. एक होता पाटलांचा उत्तरेश्वर, दुसरा धनगराचा म्हाळू. आधी घागर कोणी धरली यावर ओढाओढ झाली, आणि घागर फुटली. म्हातारी भिजून उभी. दोन्ही पोरांनी खापऱ्यांकडे पाहिले नाही, म्हातारीकडेही पाहिले नाही. दोघांनी मान वळवून मंडपात बसलेल्या गुरुजींकडे पाहिले.

ती तिरपी नजर त्रिंबकच्या मनातून गेली नाही. त्याने शाबास म्हणणे बंद केले. मग मुलांचा चांगुलपणाही बंद झाला, बैल सोडल्यावर मोट थांबते तसा. उत्तरेश्वर तर सरळ म्हणाला की आता कोणाला पाणी-बिणी द्यायचे असेल तर म्हाळू देईल, त्याला सवय आहे, तो मेंढरांना पाजतो. म्हाळूने उत्तर दिले की मेंढरे पाणी पिऊन झाल्यावर निदान पाटलांच्या घराकडे बघत तरी नाहीत. सगळा वर्ग हसला. त्रिंबक हसला नाही. त्याला एक काम हवे होते, ज्यात कोणालाच काही मिळणार नाही.

पोळा होऊन गेला होता. कडूबाईची पट्टी पेरणीआधी साफ व्हायला हवी होती; आदल्या वेळची धसकटे तशीच उभी, हराळी माजलेली, आणि पावसाने धुऊन वर आलेले दगड. ती एकटी रोज कामावरून आल्यावर थोडी थोडी वेचत असे. त्रिंबकने मुलांना जवळ बसवून सांगितले की येत्या शुक्रवारी, त्या मुलखातल्या शाळांच्या सुटीच्या दिवशी, आपण कडूबाईंच्या रानात इर्जिक करायची.

इर्जिक हा शब्द त्याने मामाच्या दुकानात, खेड्यांतून येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकला होता. ज्याचे काम मागे पडले त्याच्या रानात शेजाऱ्यांनी आपले बैल आणि आपले हात घेऊन जायचे, एका दिवसात काम उरकायचे, आणि मजुरी घ्यायची नाही. त्याला तो शब्द फार आवडला होता. त्याचा उरलेला अर्धा अर्थ मात्र त्याला ठाऊक नव्हता, कारण दुकानात तो कोणी सांगत नसे. सांगण्याची गरजच नसे. ज्याच्या रानात इर्जिक, त्याच्या घरचे जेवण. मजुरी नाही, पण आलेल्या माणसाला धन्याने आपल्या हाताने जेवू घालायचे, हे त्या शब्दातच बांधलेले असते.

मुले सावरून बसली. मग उत्तरेश्वरने विचारले, "खरी इर्जिक, गुरुजी? का खेळातली?"

"खरी," त्रिंबक म्हणाला. त्याला वाटले, मुलगा मनापासून करायची का असे विचारतो आहे. "आणि कोणाला काही मिळणार नाही. माझी शाबासकीसुद्धा नाही."

मुलांनी माना हलवल्या. जेवणाविषयी कोणी विचारले नाही, कारण जेवण ही काही मिळण्याची गोष्ट नव्हती. ती रीत होती.

त्याच संध्याकाळी म्हाळू कडूबाईच्या दारात येऊन उभा राहिला. त्रिंबक पडवीत होता आणि त्याला सगळे ऐकू आले. शुक्रवारी तिची इर्जिक आहे, गुरुजींनी सांगितले आहे, खरी आहे, असे म्हाळूने एका दमात सांगितले. कडूबाईने कोण कोण येणार ते विचारले. समदी शाळा, म्हाळू म्हणाला. आणि पाटलाची शिवकन्या पण, ती शाळेत नाही पण ऐकत नाही. कडूबाई आत वळली. घरात हंड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"या," ती म्हणाली. "या, लेकरा."

शुक्रवारी पहाटे जाते सुरू झाले. जात्याचा आवाज त्रिंबकला रोजचाच होता. त्याच्या झोपेत तो एखाद्या दूरच्या गाडीसारखा येऊन जाई. त्या दिवशी तो गेला नाही. बराच वेळ घरघर चालू राहिली. आणखी एक गोष्ट होती, जी त्याने अर्धवट झोपेत टिपली आणि नंतर बाजूला ठेवून दिली: त्या पहाटे कडूबाई जात्यावर ओवी म्हणत नव्हती.

रानात मुलांनी काम चांगले केले. रात्रीच्या भुरभुरीने माती मऊ झाली होती, धसकटे ओढली की मुळासकट येत. शिवकन्या, उत्तरेश्वरची थोरली बहीण, पाण्याचा हंडा बांधावर ठेवून स्वतःच सगळ्यांना कामे वाटू लागली होती. लहानांनी धसकटे, मोठ्यांनी दगड. उत्तरेश्वर एका धोंड्याभोवती बराच वेळ फिरला, तेव्हा म्हाळूने सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटले, "पाटलाचं पोर हाय. दगूड बी आधी अर्ज करंल, मंग हालंल."

"तू गप बे," उत्तरेश्वर म्हणाला. "तुझ्याच मेंढरांनी आणून टाकला आसंल हा."

"मेंढरं कशाला आणतील? त्यांना तर तुझ्यापरीस कमी दगूड लागत्यात डोक्यात."

शिवकन्येने दोघांनाही त्याच धोंड्याला लावले आणि तो हलला. त्या दोघांनी तो बांधावर नेऊन टाकला, हात झटकले, आणि त्रिंबकच्या लक्षात आले की त्यांनी त्याच्याकडे पाहिले नाही. ते पुढच्या धोंड्याकडे वळले होते. त्रिंबकला वाटले, हे झाले. हे शिकवता आले.

ऊन डोक्यावर आले तेव्हा पायवाटेने कडूबाई येताना दिसली. डोक्यावर टोपले, हातात कालवणाची कासांडी. तिने लिंबाखाली टोपले उतरवले आणि वर झाकलेले धडपे बाजूला केले. भाकरी होत्या, एकावर एक, अजून वाफ धरून असलेल्या. हुलग्याचे कालवण होते आणि फोडलेले कांदे. ती मुलांना हात धुऊन यायला सांगू लागली.

त्रिंबक पुढे झाला. बांधावरच्या दगडांकडे पाहत, थोडक्या शब्दांत, त्याने तिला सांगितले की मुले काही घ्यायला आलेली नाहीत. तिने हा त्रास घ्यायला नको होता. कोणी जेवणार नाही, सगळे घरी जाऊन जेवतील. मुले हातातले दगड घेऊन तशीच उभी राहिली. कडूबाईने टोपल्यावर धडपे पुन्हा घातले नाही. ती वाकलेली होती ती सरळ झाली.

"मजुरी म्हणला असता, गुरुजी, तर मी हात जोडले असते. माझ्याजवळ न्हाई म्हणले असते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी इर्जिक म्हणलात. इर्जिकीचं माणूस माझ्या रानातून उपाशी लावून देऊ का? मंग ह्या रानात पेरायचं कुण्या तोंडानं?"

त्याने मुलांकडे पाहिले. मुलांना तिचे म्हणणे कळले होते आणि त्याचे कळले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट होते. त्याला तेव्हा कळले की आपण उच्चारलेल्या शब्दात आपल्याला न दिसलेले एक दार होते. पण दार कुठे उघडते आहे हे पाहायला तो थांबला नाही. तो खाली बसला. मग मुले बसली.

भाकरी किंचित तांबूस होती. पहिला घास खाऊन म्हाळूने नाकाने हुंगल्यासारखे केले आणि म्हणाला, "माय, भाकर धुरकट लागती गं."

"वल्ली लाकडं व्हती, लेकरा. धूर कोंडला घरात."

म्हाळूने मान हलवली आणि तो खाऊ लागला. पण शिवकन्येचे चावणे थांबले. तिने हातातल्या भाकरीकडे पाहिले, मग भावाकडे पाहिले. उत्तरेश्वरने तोंडातला घास गिळायला वेळ घेतला. बाकीची भाकरी शिवकन्येने मोडली नाही. ती पदरात बांधली. त्रिंबकने हे पाहिले, आणि मुलीला भूक नसेल असे स्वतःला सांगितले. त्यालाही भाकरीत धूर लागत होता. वाऱ्याला, मातीला, त्याच्या स्वतःच्या बोटांनाही त्या वेळी तोच वास होता. त्याने आपली भाकरी पूर्ण खाल्ली, कारण कडूबाई पाहत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन झरोक्यातून तुळईवर उतरले. ठिपका रुंद झाला, खांब कलता झाला, धूर त्यात शिरला आणि दिसू लागला. मग ऊन खाली आले, आणि त्याला अडवायला तिथे काही नव्हते. अंबाडीची दोरी तेवढी होती. सुटलेल्या गाठीचे दोन्ही पदर लोंबत होते. ऊन त्यांच्यामधून सरळ भिंतीवर गेले, नेहमीपेक्षा लवकर.

त्रिंबकने पडवीचे दार लोटून घेतले. पेरणी जवळ आली आहे, त्याने मनाशी म्हटले. कणसे मळून, राखेत घोळून तिने मडक्यात भरली असतील. पेरणीआधी तसे करतातच. हे खरे होते, तसे करतात. या विचारात कुठेही खोट नव्हती, आणि तरीही त्यानंतर तो सकाळी पडवीच्या दारात बसेनासा झाला.

त्या आठवड्यात चावडीवर मोहनराव पाटलांनी चारचौघांत त्याचे कौतुक केले. पोरे कधी काडी हलवत नव्हती, ती आता आपण होऊन परक्याच्या रानात दगड वेचतात, ही गुरुजींची करामत, असे ते म्हणाले. तहसिलातल्या माणसांच्या कानावरही ही शाळा घालू, असेही म्हणाले. त्रिंबकने मान खाली घातली. मुलांना त्याने शाबासकी दिली नव्हती. स्वतःला मिळालेली मात्र त्याने पडवीत नेली, आणि कितीतरी संध्याकाळी तिच्याजवळ, शेकोटीजवळ बसावे तसा, तो एकटाच बसून राहिला.

हस्त लागला आणि पाऊस हवा तसा झाला. दोन दिवसांच्या उघडिपीने जमिनीला वापसा आला. माती मुठीत धरली तर गोळा होई आणि सोडली तर मोकळी होई. सगळीकडे पेरणीच्या तिफणी चालू लागल्या. मोहनराव एका सकाळी कडूबाईच्या दारात उभे राहिले. त्यांनी तिला पूर्वीच शब्द दिला होता, त्याप्रमाणे तिफण एका दिवसासाठी मोकळी करणार होते. तिने बी काढून ठेवावे.

"आजून वापसा न्हाई माझ्या रानात," कडूबाई म्हणाली.

"समद्या गावाला वापसा हाय. तुझ्या रानाला आभाळ दुसरं हाय का, कडूबाई?"

ती हसली. आणखी चार दिवस जाऊ द्या, म्हणाली. पाटील मान हलवत गेले. पडवीत त्रिंबकच्या हातात पुस्तक होते आणि त्याने पान उलटले. तिचे रान तिला माहीत, त्याने ठरवले. पण उघडीप वाढत होती, वरची माती दिवसागणिक पांढरी पडत होती, आणि दगड वेचलेली ती पट्टी डोंगराच्या पायथ्याशी स्वच्छ आणि रिकामी पडून होती. देवळातून ती दिसत असे. त्याने आपली बसण्याची जागा बदलली.

याच दिवसांत मुले शाळेत उशिरा येऊ लागली. त्यांच्या बोटांना राख लागलेली असे. म्हाळूच्या पाटीवर तर करड्या बोटांचे ठसे उमटत. विचारले तर म्हाळू म्हणे, चुलीतली आहे, आणि अक्षर गिरवू लागे. पूर्वी मुलांनी कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकला तरी त्याला येऊन सांगितले असते. आता ती त्याला काहीच सांगत नव्हती. त्याला वाटले, काम संपले आणि शिकवणही संपली. सकाळी उजाडताना पडवीबाहेर अनवाणी पावलांचा आवाज येई, कडूबाईच्या दाराशी असलेल्या गाडग्यावरचे झाकण हलकेच सरके, पुन्हा बसे, आणि पावले पळून जात. तो भिंतीकडे तोंड करून पडून राही.

मग एके दिवशी संध्याकाळी पाटलांचे बोलावणे आले.

अंगणात उत्तरेश्वर खांबाला टेकून उभा होता. त्याच्या दंडावर दाव्याचा वळ उठला होता. बियाण्याचे मडके ओसरीवर आणून ठेवलेले, त्याच्या काठावर राख सांडलेली. शिवकन्या दाराच्या आत होती. मोहनराव रागावलेले होते, पण त्याहून अधिक ते गोंधळलेले दिसत होते.

"बियाण्यात हात घातला यानं. आसल्या सालात," ते म्हणाले. "इकलं म्हणावं तर पैका न्हाई. खाल्लं म्हणावं तर राखेतलं कोण खाईल? कावून केलं इचारतो, तर दातखीळ बसलीय. तुमचं ऐकतो तो. तुमी इचारा, गुरुजी."

त्रिंबकने विचारले. उत्तरेश्वर खांबाकडे पाहत राहिला. हा तोच मुलगा होता, जो घागरीच्या खापऱ्यांत उभा राहून मान वळवून पाहत होता. आता एक शब्द उच्चारला असता तर त्याला मार चुकला असता. कदाचित अंगणातल्या सगळ्यांनी त्याला शाबासही म्हटले असते. त्याने तो शब्द उच्चारला नाही. त्याच्या नखांत राख होती. त्रिंबकने ती नखे पाहिली, आणि राख, गाडग्याचे झाकण, पहाटेची पावले, पांढरी पडत चाललेली पट्टी, हे सगळे त्याच्या आत एका ठिकाणी येऊन उभे राहिले. बी कुठे जाते हे तो आता सांगू शकला असता. पण ते सांगायचे, तर कडूबाईचे स्वतःचे बी कुठे गेले तेही सांगावे लागले असते, आणि मग चावडीवर वाखाणलेला तो शुक्रवार कोणीच पुन्हा तसा पाहिला नसता.

"पोरकटपणा असेल," तो म्हणाला.

पाटलांनी उसासा टाकला. पेरण्या होईपर्यंत याची शाळा बंद, हा आता गुरांमागे जाईल, असे त्यांनी ठरवून टाकले. दारातून शिवकन्या त्रिंबककडे पाहत होती. तिच्या पाहण्यात राग नव्हता. कोणी वाट पाहून थकते तसे ते पाहणे होते. त्रिंबकने नेहमीप्रमाणे जमिनीकडे पाहिले.

दुसऱ्या सकाळी कडूबाईने त्याला आत बोलावले. इतक्या महिन्यांत तो उंबऱ्याच्या आत कधी गेला नव्हता. ती झरोक्याखाली सूप घेऊन बसली होती आणि राख पाखडून टाकत होती. ऊन तुळईवरून, रिकाम्या दोरीमधून उतरून सरळ सुपात पडले होते. सुपात ज्वारी होती, पण एका रानाची नव्हे. टपोरे पांढरे दाणे होते, बारीक पिवळसर होते, काहींवर तांबडी झाक होती. घराघरातल्या मुठी एकमेकींत मिसळल्या होत्या. त्यांत भाकरीचा एक वाळलेला तुकडा होता, कोणी तरी पदरात बांधून नेलेला आणि परत आणून ठेवलेला. तो तांबूस होता. कडूबाईने तो उचलून चुलीच्या ओट्यावर, देवाजवळ ठेवावा तसा ठेवला.

"कुणी ठिवतंय, तुमाला दिसलं का?" तिने विचारले.

तो नाही म्हणाला.

"बरं झालं. दिसलं तरी म्हणू नका." ती सूप हळूहळू हलवत राहिली. "नाव घेतलं की लेकरं लाजत्यात. आन् एवढं काम करा, गुरुजी. पाटलाला सांगा, माझ्या रानाला वापसा आलाय."

तो निघाला. वाटेत उत्तरेश्वर गुरे घेऊन डोंगराकडे जाताना भेटला. वासराच्या गळ्यातले दावे सैल झाले होते, ते तो नीट करत होता. त्रिंबक त्याच्याजवळ थांबला, काही बोलावे अशा बेताने. पण मुलाने वर पाहिले नाही. त्याला गुरुजींकडून काहीच नको होते. दावे नीट झाल्यावर त्याने वासराच्या पाठीवर थाप मारली आणि तो गुरांमागे चालू लागला.

पाटील अंगणात तिफणीची दोरी आवळत होते. त्रिंबकने कडूबाईचा निरोप सांगितला.

"आला का एकदाचा?" मोहनराव म्हणाले. "उद्याच लावू तिफण. पण तिला बी काढून ठिव म्हणावं. दोनदा सांगितलं, दोनदा टाळलं तिनं. काढलंय का?"

त्रिंबकने मान वर केली. पाटलांचे डोळे घारे होते. इतक्या दिवसांत ते त्याने पाहिले नव्हते.

"तिच्याजवळ बी नव्हतं," तो म्हणाला. "त्या शुक्रवारी आम्ही तिच्या रानात जेवलो, ते तिचं बियाणं होतं."